बारीक गॅसवरचं दूध

फुकट मिळालेल्या गोष्टींची मला भीती वाटते. साबणाच्या वडीवर एक चमचा फुकट मिळाला तरी मी तो उलटासुलटा करून बघतो, की ह्यात खोट कुठे आहे? बायको म्हणते, हा स्वभाव नाही, आजार आहे. असेल. पण त्या दिवशी सकाळी ट्रकवाल्याचा फोन आला, “साहेब, गाडी आज नाही जमणार, उद्या,” तेव्हा मला जी शंका आली ती काही उगाच आली नव्हती, एवढं तरी आता सगळ्यांनी मान्य करावं.

आम्ही घर बदलत होतो. बरंचसं सामान आदल्या दिवशी पहिल्या खेपेत गेलं होतं. मागे राहिलं होतं ते जुनं आणि जड: लोखंडी कपाट, बाबांची खाट, एक टेबल, एक स्टूल, गॅसची शेगडी आणि आम्ही. त्यासाठी मी रजा काढली होती. ती देताना आमच्या साहेबांनी असा चेहरा केला होता की मी रजा नाही, त्यांची किडनी मागतोय. म्हणजे रजा होती आणि ट्रक नव्हता. आठवड्याच्या मधोमध एक अख्खा दिवस हातात पडला होता आणि त्याचं काय करायचं हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

“बरंच झालं की!” बायको म्हणाली. तिला कशातही बरंच झालेलं दिसतं. “मी ह्या उरलेल्या पिशव्या घेऊन नव्या घरी जाते, जरा पुसून-बिसून घेते. तुम्ही इथे आपण बसवलेलं सगळं काढून ठेवा. एक खिळा सोडायचा नाही.”

एक खिळा सोडायचा नाही, हे माझ्या सासुरवाडीचं ब्रीद आहे. आपण बसवलं ते आपलं. माझ्या सासूबाईंनी एकदा घर सोडताना नळाची तोटीसुद्धा काढून घेतली होती, आणि नळाला पाणी चालू आहे हे त्यांना तोटी हातात आल्यावर कळलं. अशा घराण्यात मी जावई म्हणून गेलेलो. आपल्या हातून एखादा खिळा राहून गेला तर काय होईल, ह्या विचाराने मी भिंतींवरचे खिळे मोजून घेतले.

बाबांना ट्रकचं सांगायला हवं होतं. पण बाबा पहाटेचा चहा पिऊन पुन्हा आडवे झाले होते आणि कानातलं यंत्र त्यांनी काढून उशाशी ठेवलं होतं. यंत्र नसताना बाबांना काही सांगायचं म्हणजे आधी सगळ्या मजल्यांना सांगायचं आणि मग बाबांना. म्हटलं झोपू दे म्हाताऱ्याला, उठले की सांगू. उठल्यावर त्यांना गोळीबरोबर कोमट दूध लागतं, म्हणून पातेलं गॅसवर चढवलं, गॅस अगदी बारीक केला, आणि कामाला लागलो.

आता मला मान्य करायला हवं की मी हातात स्क्रूड्रायव्हर घेतला की माझ्यात कोणीतरी वेगळाच माणूस संचारतो. ऑफिसात मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या सकाळी मी त्या घरावर तुटून पडलो. पडद्यांच्या दांड्या काढल्या. दिवे काढले. आरशाखालची फळी काढली. टॉवेलाचे हूक काढले. मग मला आठवलं की आमची जास्तीची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. तीही आपलीच. बेल दाबून किल्ली मागितली, तर काकूंचा चेहराच पडला. “असू दे की आजचा दिवस,” त्या म्हणाल्या. “प्रसंग काय सांगून येतो?” मी हसलो. “काकू, एका दिवसात कसला प्रसंग येतोय?” हे वाक्य मी बोललो. मी, ज्याला चमच्याची भीती वाटते.

मग मोर्चा दाराकडे. दारावरची पाटी आपली, चार स्क्रू, काढली. बेल आपली, मागच्याच वर्षी बसवलेली, पाखरासारखी वाजते म्हणून बायकोने हट्टाने आणलेली, तीही काढली. दाराची बाहेरची पितळी मूठ आपली. ती जरा घट्ट होती, पण निघाली. सगळं नीट एका बादलीत घातलं आणि बादली आतल्या बाजूला ठेवली. दार उघडं राहावं म्हणून खाली लाकडाची पाचर लावलेली होती. ती बघितली आणि लक्षात आलं, अरे, ही तर मी स्वतः तासून केलेली. पाचर काढून बादलीत टाकली. राहिलं पायपुसणं. ते झटकायला मी एक पाऊल बाहेर टाकलं. गॅलरीचं दार उघडं होतं. वाऱ्याची एक झुळूक आली. आणि ते आपोआप कुलूप लागणारं दार माझ्या मागे लागलं.

मी वळून बघितलं. दारावर मूठ नव्हती. बेल नव्हती. नाव नव्हतं. किल्ली आत, फोन आत कपाटामागे चार्जिंगला, अंगात बनियन आणि हातात पायपुसणं. सकाळपासून मी एवढं मन लावून काम करत होतो ते स्वतःविरुद्धच, हे माझ्या लक्षात आलं. मला हसूसुद्धा आलं थोडं.

आणि मग दूध आठवलं.

ते हसू जिथल्या तिथे थिजलं. आत गॅस चालू होता. आत बाबा झोपले होते, कानात यंत्र नसलेले, डोक्याशी ढोल वाजवला तरी कूस न बदलणारे. दूध उतू गेलं की ज्योत विझणार. ज्योत विझली की गॅस सुटणार. पुढचा विचार करायची माझी छाती झाली नाही. मी दारावर दोन्ही मुठींनी धडाधड मारायला लागलो. “बाबा! बाबा!” बाबांना सोडून सगळ्यांना ऐकू गेलं.

पहिल्यांदा काकू आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, माझ्या हातातल्या पायपुसण्याकडे बघितलं, आणि “मी म्हटलं नव्हतं?” हे शब्द ओठांवर आलेले गिळले. हा त्यांचा मोठेपणा. पुढे त्या दिवसभरात त्यांनी ते सातआठदा म्हटले, पण तेव्हा गिळले. त्यांनी आपला फोन दिला. बायकोचा नंबर मला पाठ नव्हता, काकूंना होता.

“गॅस चालू आहे?” बायकोने विचारलं.

“बारीक आहे.”

“आणि बाबा?”

“झोपलेत.”

पलीकडे काहीच आवाज नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत ही बाई गप्प बसलेली मी पहिल्यांदा ऐकली, आणि मला तिच्या ओरडण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. “निघते मी,” ती म्हणाली. “कसंही करा, पण दार उघडा हो.”

तोवर वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब खाली आले होते. हे कुठल्याशा खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या सल्ल्याला खातं उरलेलं नाही, म्हणून तो सगळा इमारतीत वाटला जातो. त्यांनी दाराच्या फटीला नाक लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले.

“वास येतोय?” मी विचारलं.

“अजून नाही. पण न येणं हे जास्त वाईट.” मग त्यांनी गॅस घरात कसा साचतो, एक ठिणगी कशी पुरते आणि कुठली भिंत आधी जाते, हे मला समजावून सांगितलं. इतक्या आवडीने सांगितलं की ऐकताना मी त्या भिंतीपासून दोन पावलं सरकलो. “आधी सगळ्यांनी फोन बंद करा!” त्यांनी हुकूम सोडला. “फोनची ठिणगी पडते. लिफ्टही बंद. आणि कुणीही ह्यांची बेल वाजवू नका!”

“बेल बादलीत आहे,” मी म्हणालो.

फोन बंद केल्यामुळे अग्निशमन दलाला फोन करायला काकूंना तीन जिने उतरून रस्त्यावर जावं लागलं. त्या धापा टाकत परत आल्या. “ते विचारतायत, आग लागलीय का? म्हटलं, अजून नाही. म्हणाले, गाडी दुसरीकडे गेलीय, तिथली विझली की येतो. आणि तोवर काही झालं तर पुन्हा फोन करा म्हणाले.”

“काही झालं तर म्हणजे काय?” मी ओरडलो.

“मी तेच विचारलं. तर मला म्हणाले, बाई, शांत राहा.”

मग सेक्रेटरी आले. आमचे सेक्रेटरी माणूस म्हणून सज्जन आहेत, पण कागद हातात आला की त्यांच्यात काही सज्जनपणा उरत नाही. मी म्हटलं, दार फोडू या. त्यांनी चष्मा पुसला. “फोडता येणार नाही. तुम्ही घर सोडलंय.”

“अहो, मी हा इथे उभा आहे!”

“तो तुमचा प्रश्न. आमच्या दप्तरात आजची तारीख टाकून तुमचं नाव कमी झालंय. तुम्हीच अर्ज दिला होतात. आता हा बंद फ्लॅट आहे. बंद फ्लॅटचं दार फोडायचं तर मालकांची लेखी परवानगी लागते. नवे भाडेकरू कधीही येतील, उद्या दार मोडकं निघालं तर बोलणी मी खायची.”

“आत माझे वडील आहेत!”

सेक्रेटरी जरा चाचरले. बंद फ्लॅटात वडील असणं त्यांच्या नियमात कुठेच बसत नव्हतं. “मी मालकांना फोन लावतो,” ते म्हणाले, आणि साहेबांच्या हुकमाप्रमाणे तेही जिने उतरायला लागले. मालक परगावी असतात आणि फोन उचलत नाहीत, हे ह्या इमारतीत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी पुन्हा दार बडवायला लागलो.

काकूंनी येताना नाक्यावरच्या चावीवाल्याला निरोप ठेवला होता. तो आला, तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्याने पिशवी खाली ठेवली, दारासमोर उकिडवा बसला आणि वर बघितलं. पाटीच्या जागी चार भोकं. बेलच्या जागी दोन लोंबत्या वायरी. मुठीच्या जागी एक भगदाड. मग त्याने माझ्याकडे बघितलं. बनियन, घाम, रक्ताळलेल्या मुठी आणि कमरेला खोचलेला स्क्रूड्रायव्हर.

“घर तुमचंच ना?” त्याने हळूच विचारलं.

“म्हणजे काय! विचारा ह्यांना,” मी म्हणालो, आणि नेमके त्याच वेळी वर आलेल्या सेक्रेटरींकडे बोट केलं. दैव म्हणतात ते हेच.

“काल होतं,” सेक्रेटरी म्हणाले.

चावीवाल्याने पिशवीचं तोंड बांधलं. काकूंनी त्याला शपथा घातल्या, मी हात जोडले. साहेबांनी त्याला ठिणगीची सगळी उपपत्ती ऐकवली, आणि तिथेच सगळं बिघडलं. गॅसचं नाव ऐकल्यावर तो जिना उतरला तो मागे वळून न बघता. माझा अपमान वगैरे झाला होता बहुतेक, पण तो वाटून घ्यायला मला सवड नव्हती. दूध चढवून किती वेळ झाला होता, काही कळत नव्हतं. मला नुसतं ते पातेलं दिसत होतं. आणि पातेल्यामागची ती खाट.

“माझ्या गॅलरीतून जाता येईल,” काकू हळू आवाजात म्हणाल्या.

काकूंची गॅलरी आणि आमची गॅलरी शेजारी शेजारी आहेत. मध्ये अंतर फार नाही. एखादा सडपातळ माणूस दिवसाढवळ्या हसत हसत ओलांडेल एवढंच. पण मी सडपातळ नाही आणि हे तिसऱ्या मजल्यावर आहे. बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तरी मी बायकोला स्टूल धरायला लावतो. मी त्या कठड्यावरून खाली बघितलं. खाली एक सायकल उभी होती. ती फार लहान दिसत होती.

“खाली बघू नका,” काकू म्हणाल्या.

“खाली बघून घ्या एकदा,” साहेब म्हणाले, “म्हणजे अंदाज येतो.” त्यांनी काकूंची कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि माझ्या कमरेला बांधली. गाठ कुठली मारावी ह्यावर त्यांचा आणि सेक्रेटरींचा वाद झाला. शेवटी दोघांनी एकेक मारली. दोरीचं दुसरं टोक कुठे बांधायचं हे मात्र कुणालाच सुचलं नाही. ते काकूंनी हाताला गुंडाळून घेतलं. काकू सत्तरीच्या आहेत आणि वजनाने माझ्या निम्म्या आहेत. मी पडलो असतो तर आम्ही दोघंही सोबतीने गेलो असतो.

मी कठड्यावर चढलो. कानात वारा भरत होता, आणि घशातून कसलासा बारीक आवाज येत होता. तो मी काढत होतो. “उजवा पाय! उजवा!” साहेब सांगत होते. “डावा!” सेक्रेटरी. मी डोळे मिटले, आमच्या कठड्याचा गज चाचपडत धरला, आणि पाय टाकला. एक क्षण माझ्याखाली काहीच नव्हतं. मग पोट कठड्यावर आपटलं, बनियन टरकन फाटला, आणि मी आमच्याच गॅलरीत डोक्यावर पडलो. पलीकडून टाळ्या वाजल्या.

स्वयंपाकघरात धावलो. गॅस बंद होता. पातेलं रिकामं, धुऊन पालथं घातलेलं. मला काही कळेना. खाटेकडे गेलो. खाट रिकामी. पांघरुणाची नीट घडी केलेली. न्हाणीघर रिकामं. तेवढ्या दोन खोल्या, पण त्या मी पुन्हा पुन्हा धुंडाळल्या. गॅलरीकडे बघितलं आणि माझ्या मनात नको ते आलं. “बाबा!” मी ओरडलो आणि बाहेरच्या खोलीत आलो.

बाबा दाराशी स्टुलावर बसले होते. माझ्याकडे पाठ होती. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पायात बूट, नाड्या बांधलेल्या. मांडीवर त्यांची औषधांची पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. जिन्यावर राहिलेलं कुणीतरी बाहेरून दार ठोकत होतं, दार हादरत होतं, आणि बाबा त्या हादरणाऱ्या दाराकडे एकटक बघत होते.

मी खांद्याला हात लावला तसे ते केवढ्याने दचकले. वळून माझ्याकडे बघत राहिले. मग शर्टाच्या खिशातून यंत्र काढलं. ते त्यांना एकट्याने कधीच कानात बसवता येत नाही. मी बसवून दिलं.

“परत आलास?” बाबा म्हणाले.

“मी गेलोच नव्हतो बाबा. ट्रक आज आलाच नाही. उद्या येणार आहे.”

“असं होय.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “उठलो तर घरात कुणी नाही. भिंती उघड्या, दिवेसुद्धा नाहीत. कपाट होतं, माझी खाट होती. म्हटलं, जुनं तेवढं ठेवून गेले.”

“बाबा, काय बोलताय तुम्ही!”

“रागाने नाही म्हणत रे. घाईगर्दीत होतं माणसाकडून. दूध ठेवलेलं दिसलं गॅसवर. म्हटलं, निदान दुधाची सोय करून गेले. गॅस बंद केला, प्यायलो, गोळी घेतली. म्हटलं आवरून बसावं, तुला आठवलं की येशील, तेव्हा खोळंबा नको.”

“अहो, पण दार हलत होतं ना एवढं? उघडायचं नाही का?”

बाबांनी पिशवीचे बंद सारखे केले. “नवे भाडेकरू आले असतील, म्हटलं. त्यांना काय सांगणार होतो, मी कोण म्हणून? मुलगा न्यायला विसरला म्हणून? चार लोकांत तुझं नाव खराब झालं असतं. त्यापेक्षा गप्प बसलो.”

कठड्यावर मी घाबरलो होतो असं मला वाटत होतं. ती काही भीती नव्हती. इतका वेळ ह्या दाराच्या बाहेर मी बोंबलत होतो आणि त्याच दाराला लागून आत बाबा बसले होते, श्वास रोखून, माझी लाज राखत. मी त्यांच्या बुटांशी जमिनीवर बसलो आणि त्यांचे गुडघे धरून रडलो. बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “हे कमरेला काय बांधलंयस?”

मी दार उघडलं. काकू, सेक्रेटरी, साहेब, आणि जिना चढून लालबुंद झालेली माझी बायको, सगळे एकदम आत घुसले. बायको बाबांना चाचपून बघायला लागली. काकूंच्या हाताला अजून दोरी होती. आणि सगळे एकाच वेळी विचारत होते, अहो, झालं काय होतं? आम्ही एवढं दार बडवत होतो, उघडलं का नाही?

मी सांगायला तोंड उघडलं. पण बाबा स्टुलावरून उठले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“झोप लागली होती मला,” बाबा म्हणाले. “माझीच चूक.”

साहेबांनी बाबांच्या बुटांकडे बघितलं, बांधलेल्या नाड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते काहीही सल्ला न देता जिना चढून वर गेले.